वंदनाताईनं सांगितलेली जागा

वंदनाताईला भलत्या वेळी काही विचारू नये, हे मला कळलं ते आमच्या कॉलेजच्या तपासणीच्या दिवशी. तपासणी समिती येणार म्हटली की आमच्याकडे लग्नघर होतं. भिंतींना रंग, भाड्यानं आणलेल्या कुंड्या, आणि प्रिन्सिपल साहेब प्रत्येकाला पढवत फिरणार. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विषारी धूर बाहेर ओढणारं एक काचेचं कपाट होतं. ते कधीचंच बंद पडलेलं. त्या दिवशी त्याला पुसून लख्ख केलं होतं, आत एक दिवाही लावला होता. समितीतल्या एका बाईंनी जाता जाता विचारलं, "ये चलता है ना?" साहेब "जी, बिल्कुल" म्हणायला तोंड उघडतात तोवर ताईनं उत्तर देऊन टाकलं, "नहीं मैडम. सिर्फ बल्ब चलता है."

मला हसू आवरेना, म्हणून मी बाहेर पळालो. साहेबांनी नंतर तिला आत बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. बाहेर आली ती रागावलेली नव्हती, गोंधळलेली होती. "अरे शरद, त्या बाईनं माझ्याकडे बघून विचारलं ना? मग मी काय म्हणायचं होतं?" पुष्कळांना वाटायचं, बाई फटकळ आहे, शहाणपणा मिरवते. कसलं काय! तिला दुसरं उत्तर सुचायचंच नाही. आपण सगळे मनात दोन उत्तरं तयार ठेवतो, एक खरं आणि एक द्यायचं. तिच्याजवळ एकच असायचं. मी चिडवायचो, "ताई, तुझं लग्न झालं असतं तर पहिल्याच महिन्यात सासूनं तुला माहेरी पोचवलं असतं." ती म्हणायची, "म्हणून तं नाही केलं ना."

डॉ. वंदना रामटेके. आजोबा भंडाऱ्याकडून इकडे जबलपूरला आलेले, वडील इथल्या फॅक्टरीत फिटर. राहायची मदन महलला, वडिलांनी निवृत्तीनंतर बांधलेल्या घरात. मी दीक्षितपुऱ्यातला, वनस्पतिशास्त्र शिकवणारा, तिच्याहून बराच लहान. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी ही जबलपूरची रीतच आहे, त्यामुळे कॉलेजच्या आवारात आम्ही दोघं मराठी बोलायचो ते चोरून गूळ खाल्ल्यासारखं. तिची मराठी पक्की नागपुरी. "काहून तोंड पाडून बसून राहिला रे?" हा तिचा नमस्कार. सुती साडी, मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ, आणि गल्लीच्या टोकाला दूध आणायला जाताना सुद्धा डोक्यावर हेल्मेट. रविवारी विहारात गेली तरी हेल्मेट काखेत.

मुलं तिला 'बर्फवाली मैडम' म्हणायची. हिवाळा सरत आला की ती महिना-दोन महिने रजा टाकून नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला जायची, बर्फाचे नमुने गोळा करायला. तिकडची लांबलचक रात्र संपून सूर्य परत उगवू लागला की हवेत काहीतरी विलक्षण घडतं, असं ती सांगायची. समुद्रावर गोठलेल्या मिठातून ब्रोमीन सुटतं, आणि त्याच्यापायी हवेत तरंगणारा पारा भराभर बर्फावर उतरतो. हा पारा कुठला? तर जगभरच्या कोळशाच्या धुरातला. "आपला बी आहे त्याच्यात," ती म्हणायची, "आपल्याकडचा धूर काय नर्मदेत बुडून मरून राहिला का?" उतरलेला बराचसा पारा पुन्हा उडून जातो, थोडा राहतो. तो थोडा कुठे जातो, हे शोधणं म्हणजे ताईचं काम.

या कामाला तिला लावलं दुबे सरांनी. आता या माणसाचं नाव घेताना माझी जीभ कडू होते. पण तिच्यासाठी ते काय होते ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. फॅक्टरीच्या क्वार्टरमधून आलेली मुलगी एम.एस्सी.ला पहिली आली, तेव्हा विभागातल्या एकानं सगळ्यांदेखत आरक्षणावरून टोमणा मारला. दुबे सर तेव्हा तिथेच शिकवायचे, तरुण होते. त्यांनी त्याच जागी त्या माणसाला गप्प केलं आणि प्रयोगशाळेची किल्ली वंदनाच्या हातात दिली. "जब चाहो आओ, जब चाहो जाओ." ही गोष्ट मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल याला हिशेब नाही. पुढे सर दिल्लीच्या एका मोठ्या संस्थेत गेले, उत्तर ध्रुवाकडच्या कामाचे भारतातले प्रमुख झाले, आणि त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीला बोलावून घेतलं. आपण पाया पडत नाही, असं ती ठणकावून सांगायची. पण सरांचा फोन आला की हातातलं लाटणं खाली ठेवून उभी राहायची. मी कधी थट्टा केली तर म्हणायची, "तू गप बस. तुला सगळं आयतं भेटलं."

माझा तिच्या कामाशी संबंध आला तो दगडफुलामुळे. एकदा भर स्टाफरूममध्ये तिनं पर्समधून मसाल्याची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "हे काय आहे? स्वयंपाकघरातलं नको सांगू, तुझ्या विषयातलं सांग." मी म्हटलं, दगडफूल, म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. याला मुळं नसतात, जे काय मिळायचं ते हवेतून. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "तेच तर!" तिकडचे रेनडियर हिवाळाभर बर्फ उकरून खालचं लायकेन खातात, अन् रेनडियर खातात माणसं. धुरातून बर्फात, बर्फातून लायकेनमध्ये, तिथून जनावरात आणि जनावरातून माणसाच्या ताटात. पुढच्या वेळी ती जाताना मसाल्याचा डबा घेऊन गेली. ज्या बाईकडे ती उतरायची, तिला ताईनं मसाला घालून रेनडियरच्या मटणाचा रस्सा करून घातला, आणि वर सांगितलं, "तुमची जनावरं खातात ते आमच्याकडे माणसं खातात." त्या बाईनं डब्यात नाक घालून वास घेतला, आणि कितीतरी वेळ हसत राहिली.

ती बाई म्हणजे मारित. सामी समाजातली, साठीच्या पुढची, पिढ्यान्‌पिढ्या रेनडियर राखणाऱ्या घरातली. तिची माझी भेट कधीच झाली नाही. व्हिडिओ कॉलवर एक-दोनदा दुरून नमस्कार झाला तेवढाच. पण ताईच्या बोलण्यात ती इतकी असायची की मला आमच्या गल्लीतलीच वाटायची. पहिल्या भेटीत ताईनं मोठाच गोंधळ घातला होता. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला आपण पगार, पोरं, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं अर्ध्या तासात विचारून मोकळे होतो. तशी ही घरात शिरली, कॉफीचा पेला हातात घेतला आणि विचारलं, "तुमच्याकडे किती रेनडियर आहेत?" मारितचा पुतण्या उठून बाहेर गेला. त्यांच्यात हे विचारतच नाहीत. कुणाच्या कपाटात हात घालून दागिने चाचपावेत, तसलं ते. मारित शांतपणे म्हणाली, "कॉफी गार होते आहे." ताईला दुसऱ्या दिवशी कुणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा ती तशीच मारितकडे गेली आणि आपल्या बापाचा पगार, आपला पगार, घराची किंमत, सगळं घडाघडा सांगून आली. "फिट्टंफाट करून आली," ती मला म्हणाली. मैत्री झाली ती त्या दिवसापासून.

आणि मैत्री होती म्हणूनच मारितनं तिला ती जागा दाखवली.

तिकडे हिवाळे बिघडले आहेत, हे ताई दर वर्षी सांगायची. पूर्वी बर्फ पडायला लागला की पडतच राहायचा, कोरडा, भुसभुशीत. आता मध्येच ऊब येते, बर्फावर पाऊस पडतो, आणि पुन्हा गारठा आला की तळाशी काचेसारखा थर धरतो. रेनडियर खुरांनी उकरतात, वास येतो, पण तोंड पोचत नाही. खाली अन्न आहे आणि वर जनावर उपाशी मरतं. अशा वाईट वर्षासाठी प्रत्येक घर एखादं कुरण राखून ठेवतं. चांगल्या वर्षी तिथे एकही जनावर जाऊ देत नाहीत, म्हणजे लायकेन वाढतं. ते कुठे आहे ते शेजाऱ्याला सांगत नाहीत, सरकारला तर नाहीच नाही. मारित ताईला बर्फगाडीवर मागे बसवून डोंगराच्या कुशीतल्या आपल्या कुरणावर घेऊन गेली. फावड्यानं बर्फ उकरला. तळापर्यंत कोरडा, आणि खाली हातभर रुंद पसरलेलं पांढुरकं लायकेन. "मी रडली रे," ताई म्हणाली. "तिनं तिच्या पोटच्या पोरांना सांगायच्या आधी मला दाखवलं." पुढे आणखी दोन घरांनी तिला आपापल्या अशाच जागा दाखवल्या. मारितची माणूस म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

ताईनं लायकेनचे नमुने घेतले ते फक्त मारितच्या कुरणावर. इतकं स्वच्छ, न तुडवलेलं लायकेन तिला दुसरीकडे मिळालंच नव्हतं. पण कामाचा नियम असा की प्रत्येक नमुन्याचा नेमका ठावठिकाणा प्रमुखाला द्यायचा. ताईनं सरांना फोन केला, अर्थातच उभं राहून. मी तिच्याकडे कांदेपोहे खात बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं. तिनं सगळी हकीकत सांगितली, जागा का राखलेली आहे, का लपवलेली आहे, सगळं. सर म्हणाले, कारण लिहूच नको, लोक खोदून खोदून विचारतील. नुसता ठिकाणा दे. "मेरे पास है तो समझो तिजोरी में है." तिनं फोन ठेवला आणि समाधानानं माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. मी तेव्हा म्हटलंही, "ताई, वचन तू दिलंयस, सरांनी नाही." तर माझ्यावर उखडली. सर म्हणजे काय परके आहेत का?

त्यानंतर कधीतरी सर जबलपूरला आले. आमच्या कॉलेजनं त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. ताई पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून. मी शेजारी. सरांनी पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. बर्फात बसलेली ताई आणि मारित दिसल्या, टाळ्या पडल्या. मग नकाशा आला. त्यावर एक हिरवा पट्टा. सर मोठ्या उत्साहानं सांगू लागले की आपल्याच शहराच्या मुलीच्या कामामुळे ही मोकळी जमीन सापडली. कुणी वापरत नाही, जनावरं येत नाहीत. आता इथून रस्ता जाईल आणि डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहतील. आपण स्वतः त्या कंपनीच्या सल्लागार मंडळावर आहोत, हेही त्यांनी लाजत लाजत सांगितलं.

मी ताईकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती.

"सर, ये जगह खाली नहीं है."

"बेटा, जानवरों के गले में जो पट्टे हैं, उनका रिकॉर्ड देखो. बरसों से एक भी वहाँ नहीं गया."

"नहीं गया, क्योंकि जाने नहीं देते. बुरे साल के लिए बचाकर रखी है."

"तो ये तुम्हारी रिपोर्ट में क्यों नहीं है?"

"आपने मना किया था, सर. मैंने आपको बताया था. सिर्फ आपको."

सर गोड हसले. "हमारी वंदना बहुत भावुक है. इसीलिए तो इतना अच्छा काम करती है." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मागच्या रांगेतली मुलं तर शिट्ट्या मारत होती. ती तशीच उभी. मला त्या माणसाच्या दोन थोबाडीत ठेवून द्याव्याशा वाटल्या, अजूनही वाटतं.

चहाच्या वेळी ती त्यांच्याजवळ गेली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, पवनचक्क्या लागतात त्या बर्फ वाचवण्यासाठीच ना? धूर कमी होईल, पारा कमी होईल, तुझंच काम पुढे जातंय. आणि बघ, अहवालावर माझ्या नावाखाली तुझंच नाव आहे. शाल सावरत सर गाडीत बसले आणि गेले.

घरी येऊन तिनं आधी मारितला फोन लावला. मी म्हटलं होतं, थांब, विचार कर, वकिलाला विचारू. छे! तिला कळलं म्हणजे तिनं सांगायचंच. सांगितलं. मग मारित म्हणाली की मोजणीवाले येऊन काठ्या रोवून गेलेत, ते तिला ठाऊक होतं. घरात ती जागा पुतण्याला तेवढी ठाऊक होती, म्हणून हे त्याचंच काम असणार, असं धरून ती सबंध हिवाळा पुतण्याशी बोलली नव्हती. "आता त्याच्याकडे जायला हवं," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. ताई खुर्चीत बसून राहिली. मी चहा केला, तो तिनं घेतला नाही. "तिनं शिव्या काहून नाही दिल्या रे?" असं तीनतीनदा विचारत होती. "मले शिव्या द्यायला पाहिजे होत्या तिनं."

मग ती कामाला लागली. सरांना पत्रं लिहिली, संस्थेला लिहिली, उत्तरं आली ती तिच्या योगदानाचं कौतुक करणारी. शेवटी तिकडेच, नॉर्वेत, त्या रस्त्यावर सुनावणी ठरली. मारितच्या घरच्या वकिलाला वाटलं, नमुने घेणारी बाईच समोर येऊन सांगेल की जमीन राखून ठेवलेली आहे, तर रस्ता थांबेल. ताईनं लगेच हो म्हटलं. कॉलेजनं रजा नाकारली, तेव्हा तिनं राजीनामा दिला. सरांचा फोन आला, तुम अपना नुकसान कर रही हो. त्या दिवशी ती बसूनच बोलली, पण तेवढ्यानं काय होणार होतं? मला मात्र फार दिवसांनी ती खुशीत दिसली. चूक आपली आहे आणि ती दुरुस्त करायला आपल्याजवळ खरं आहे, एवढ्यावर ती खुश होती.

आता ती नागपूरला बहिणीकडे राहते आणि फोन उचलत नाही. मी तिला शेवटचं पाहिलं ते मदन महल स्टेशनवर, दिल्लीच्या गाडीची वाट बघताना. संध्याकाळची वेळ, प्लॅटफॉर्मवर उकाडा, आणि हिच्या हातावर तो जाडजूड कोट. गाडी येऊन उभी राहिली. मी बॅग उचलली, तेवढ्यात मारितचा फोन आला. गर्दीच्या गलक्यात ऐकू येईना म्हणून ताईनं स्पीकर चालू केला. मारितचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण एकेक शब्द सुटा.

"वंदना, तू येऊ नकोस."

"मी निघाले आहे, मारित. गाडीसमोर उभी आहे. मी सगळं खरं सांगणार आहे."

"ते मला ठाऊक आहे. म्हणूनच येऊ नकोस. तू उभी राहिलीस की कंपनीचा वकील विचारेल, अशा आणखी जागा तुला माहीत आहेत का. आणि तू सांगशील."

ताई डब्याच्या दारापासून एक पाऊल मागे सरली.

"त्या दोन घरांच्या पोरांना अजून जनावरं राखायची आहेत," मारित म्हणाली. "माझी जागा तर गेलीच. तू चांगली बाई आहेस. पण येऊ नकोस."

फोन बंद झाला. लोक आम्हाला धक्के देत डब्यात चढत होते. मला मारितचा राग आला, सरांचा आला, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त या बाईचा आला. मी जवळजवळ ओरडलोच, "अगं, मग आयुष्यात एकदा खोटं बोल ना! विचारलं तर म्हण, दुसरी जागा ठाऊक नाही. चार शब्द तर आहेत! चढ गाडीत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं मला स्वतःबद्दल काही विचारलं आणि त्याचं उत्तर तिला खरोखरच हवं होतं, असं ते पहिल्यांदा.

"जमेल मला? तू सांग शरद. तू ओळखतो मला. जमेल?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती. गाडीनं भोंगा दिला. मी काहीच बोललो नाही, आणि तिनं माझ्या हातातली बॅग काढून खाली ठेवली.